परसातलं तळं: आधी कुंपण, मग कुदळ



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत पोषण परसबागेचा विषय चालला होता. वाफे कसे आखायचे, कोणती भाजी कधी लावायची, हे सगळं बोलून झालं आणि मागून एक ताई म्हणाल्या, "वाफे आखू हो, पण पाणी? नळ दिवसाआड, तोही अर्धा तास. त्यात आधी हंडे भरायचे की दोडक्याला घालायचं?" सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणाकडे नव्हतं. मग दोघी-तिघींनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण आमच्या परसात घरच्या घरी खोदलेलं तळं आहे. पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. आमच्याकडून जे चुकलं तेही लिहिते. ते जास्त कामाचं आहे.

तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेततळं येतं. 2016 साली सरकारने 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, तेव्हापासून खेड, शिरूर, जुन्नर सगळीकडे काळं प्लास्टिक अंथरलेली तळी दिसतात. जालना जिल्ह्यातलं कडवंची गाव तर शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षबागा करण्यासाठी राज्यभर प्रसिद्ध आहे. पण त्या योजनेतलं लहान तळंसुद्धा 15 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल असतं. त्यात चार लाख लिटरच्या वर पाणी मावतं. आपल्यातल्या कित्येकींची शेती एमआयडीसीत गेली. उरलं घर, घरामागचं परस आणि फार तर दोन-तीन गुंठे. एवढ्या जागेला शेततळ्याचं अनुदान नाही. मी सांगते आहे ते तळं स्वतःच्या पैशांनी आणि घरच्या माणसांच्या अंगमेहनतीने करायचं, बाजल्यावर बसून सगळं दिसेल एवढंच.

आमच्या तळ्याचं माप असं: वरून 14 फूट लांब, 12 फूट रुंद, मध्ये 4 फूट खोल. चारी बाजू उतरत्या, त्यामुळे तळाशी 6 फूट बाय 4 फूट जागा राहते. काठोकाठ भरायचं नाही, अर्धा फूट रिकामं ठेवायचं. असं धरलं तर साधारण साडेसात हजार लिटर पाणी बसतं.

भरणार कसं आणि पुरणार किती

आधी आकडे बघा, कारण पाणी किती दिवस पुरेल याच्या मोठमोठ्या गप्पा मारणारे खूप भेटतात. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळतं. हिशोब एवढा सोपा आहे. आमचं पत्र्याचं छप्पर 25 फूट बाय 20 फूट, म्हणजे पाचशे चौरस फूट, मीटरमध्ये साधारण 46. पन्नास मिलिमीटरची एक चांगली झड आली की 2,300 लिटर. थोडं उडतं, थोडं सांडतं, दोन हजार तरी हाती लागतं. म्हणजे अशा चार झडींत तळं भरलं. आपल्याकडे पावसाळाभर सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा तळं भरण्याची काळजी नाही. काळजी ते टिकण्याची.

उघड्या पाण्यातून एप्रिल-मेच्या उन्हात रोज सात-आठ मिलिमीटर पाण्याची वाफ होते. ऐकायला बारीक वाटतं. आमच्या तळ्याच्या मापाला ते नव्वद ते शंभर लिटर होतं, म्हणजे रोज सहा हंडे पाणी ऊन पिऊन जातं. त्यात परसबाग घ्या. आमचे वाफे मिळून तीस चौरस मीटर आहेत, त्यांना दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर लागतं. दोन्ही मिळून बघितलं तर पाऊस थांबल्यावर पाच-सहा आठवडे तळं पुरतं. वर सावली केली आणि झारीने बुंध्यापाशीच पाणी घातलं तर आणखी दोन-तीन आठवडे. म्हणजे ऑक्टोबरात पाऊस गेला तरी नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरपर्यंत मेथी, पालक, मुळा, टोमॅटो निघतात. शिवाय ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवस पावसाचा खंड पडतो, तेव्हा रोपं जगतात. मे महिन्यात याच पाण्यावर बाग हिरवी राहील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात आम्ही वाफे निम्मे करतो आणि नळाला जास्तीचं पाणी आलं तर तळ्यात सोडतो.

बोअरचं पाणी उपसून तळं भरायचं का, असं बऱ्याच जणी विचारतात. मोठ्या शेततळ्यांचं बऱ्याच गावांत तेच झालं. पाऊस साठवायला खोदलं आणि भरलं बोअरने. जमिनीत झाकलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

आणि हे पाणी पिण्याचं नाही. भांड्यांनाही नको. छपरावर वर्षभर कंपन्यांची, रस्त्याची, क्रशरची धूळ बसलेली असते. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी पन्हळीचा पाईप बाजूला फिरवून सोडूनच द्यायचं.

करडाची गोष्ट

आता मूळ मुद्दा. आमचं तळं तयार झालं जूनच्या पहिल्या आठवड्यात. कुंपण करायचं ठरलं होतं, पण ह्यांची शिफ्ट बदलली, मग पेरणी आली, मग पाहुणे. "करू की पुढच्या रविवारी" असं करत जुलै उजाडला. तळं भरलं होतं, बघायला येणाऱ्यांची रीघ होती, मीही मिरवत होते.

एका दुपारी शेळीचं दोन महिन्यांचं करडू काठावर चरता चरता आत घसरलं. पाणी साडेतीन फूटच. करडाला पोहता येतं, ते पोहत काठाला आलं, पुढचे पाय प्लास्टिकवर टेकवले आणि घसरलं. पुन्हा आलं, पुन्हा घसरलं. दुसऱ्या बाजूला गेलं, तिथेही तेच. प्लास्टिकवर शेवाळाचा पातळ थर धरला होता, हाताला कळतही नव्हता एवढा पातळ. ओरडणं ऐकून माझा मुलगा धावला. तेव्हा तो सातवीत होता. करडाला धरायला उतारावर एक पाय टाकला आणि तो थेट छातीइतक्या पाण्यात गेला. तो उंच होता म्हणून तळाला पाय लागले. पण वर येताना त्याचंही करडासारखंच झालं. काठ हाताच्या अंतरावर, आणि पाय रोवायला जागा नाही. मी काठावर पालथी पडून त्याच्या शर्टाची कॉलर धरली, सासूबाईंनी माझे पाय धरले आणि शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूने दोघांना वर ओढलं. करडूही वाचलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. साडेतीन फूट पाणी. ते खोल आहे असं कुणी म्हणणार नाही. सहा वर्षांचं लेकरू असतं तर?

आपल्या चाकणच्या संग्रामदुर्गाला खंदक आहे, तुम्ही पाहिला असेल. 1660 साली शाएस्तेखानाने वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला साधारण 55 दिवस लढवला. खंदकाच्या भिंती मुद्दाम सरळ असतात. आत उतरलेल्याला वर चढता येऊ नये, हाच त्यांचा उपयोग. प्लास्टिक अंथरलेलं तळं नेमकं तसंच वागतं, फक्त आपण ते शत्रूसाठी बांधलेलं नसतं. शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यातली बरीचशी मुलं आत गेली ती पोहायला किंवा हातपाय धुवायला. काही जणांना पोहताही येत होतं. पोहता येणं आणि बाहेर येता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आपल्या भागात धोका जास्त. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुठल्याही गावात बघा, परसात भाड्याच्या खोल्या झाल्यात. आपल्या मुलांना तळं ठाऊक असतं. भाडेकरूंची मुलं कालच बिहारहून, लातूरहून आलेली असतात. त्यांच्या आया दिवसभर कामाला. त्या मुलांना मागे काय आहे ते कोण सांगणार?

म्हणून आता मी सगळ्यांना सांगते, खड्ड्याची आखणी करायच्या आधी कुंपणाचे खांब रोवा. कुंपण कमरेइतकं चालत नाही, मुलं चढतात. निदान पाच फूट हवं. बांबू किंवा जुने लोखंडी पाईप आणि त्यावर जाळी. आडव्या पट्ट्या आतल्या बाजूने मारा, बाहेरून मारल्या तर ती शिडी होते. दाराची कडी मोठ्या माणसाच्या छातीच्या वर लावा आणि दार आपोआप बंद होईल असं बघा. आम्ही दाराला विटेचं वजन दोरीने बांधलंय. साधं आहे, पण विसरलं तरी दार उघडं राहत नाही. कुंपणाला टेकून ड्रम, खुर्ची, सरपण काही ठेवायचं नाही.

कुंपण असलं तरी कुणी आत गेलंच, तर वर येण्याची सोय हवी. आमच्या तळ्याला दोन समोरासमोरच्या बाजूंनी जाड नायलॉनच्या दोऱ्या सोडल्या आहेत. दर फुटावर गाठ, वरचं टोक जमिनीत गाडलेल्या पहारीला पक्कं, खालचं टोक तळापर्यंत. शिवाय एका बाजूला स्कूटरचे जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर सोडलेत, त्यात पाय अडकवून करडूसुद्धा वर येईल. टायर पंक्चरवाल्याकडे मिळतात. फक्त टायरमध्ये तार बाहेर आलेली नसावी, नाहीतर प्लास्टिक फाटेल, आणि पाण्याच्या वर राहणाऱ्या टायरला भोकं पाडा, नाहीतर त्यात पावसाचं पाणी साचून डास होतील. काठावर एक लांब बांबू आणि हवा भरलेली ट्यूब कायम ठेवलेली आहे.

कुणी पडलं तर मागोमाग उडी मारू नका, मी काय केलं ते वर वाचलंत. दोरी टाका, बांबू द्या, साडी सोडा, आणि स्वतः पालथं पडून धरा. बाहेर काढल्यावर मूल श्वास घेत नसेल तर पाणी काढायला म्हणून उलटं धरून फिरवणं, पोट दाबणं यात मोलाची मिनिटं जातात, आणि त्याने फायदा नाही. ताबडतोब तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन लावायचा. हे वाचून येत नाही, करून शिकावं लागतं. पुढच्या बैठकीला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या ताईंना बोलवावं असं मी सुचवलं आहे.

जागा आणि खड्डा

घराच्या भिंतीपासून दहा फूट तरी लांब. शोषखड्डा, संडासाची टाकी यांच्या जवळ नको आणि त्यांच्या उताराच्या बाजूला तर मुळीच नको. विजेच्या तारांखाली नको. मोठ्या झाडाखाली सावली मिळते खरी, पण पानं पडून पाणी कुजतं आणि मुळं प्लास्टिक शोधत येतात. पावसाळ्यात जिथे आपोआप पाणी साठतं ती सखल जागा तळ्याला बरी, असं वाटतं. ते उलटं आहे. तिथे जमिनीखालचं पाणी वर येतं आणि प्लास्टिकला खालून ढकलतं, मग ते पोळीसारखं फुगून वर येतं. म्हणून भर पावसाळ्यात तळं कधी रिकामं करायचं नाही.

प्लास्टिकशिवाय जमेल का, हे बघायचं असेल तर दोन फुटांचा खड्डा खणून संध्याकाळी पाणी भरा आणि सकाळी बघा. आमचं सकाळी चहाच्या आधीच संपलं होतं, कारण वर हातभर काळी माती आणि खाली मुरूम. मुरमात पाणी राहत नाही. नुसत्या काळ्या मातीत राहतं, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की संपलं.

फक्कीने आखणी केली आणि चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या. मग सगळ्यात महत्त्वाचं, काठ चारी बाजूंनी एका पातळीत आहे का ते बघणं. डोळ्यांनी सपाट दिसणारी जमीन सपाट नसते. गवंडी वापरतात तीच पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दोन खुंट्यांना दोन टोकं धरा, दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल तिथे खूण करा. आमच्या परसाला पाच इंचांचा उतार निघाला. तो तसाच ठेवला असता तर एका बाजूने पाणी वाहून गेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिक उन्हात उघडं पडलं असतं. निघालेली माती खालच्या बाजूला टाकून ठोकली आणि काठ सारखा केला.

माती किती निघते? या मापाला साधारण सव्वातीन ते साडेतीन ब्रास, आणि मोकळी झाली की आणखी फुगते. ती कुठे टाकायची हे आधी ठरवा. वरची काळी माती वेगळी ठेवा, ती वाफ्यांना सोनं आहे. जेसीबीवाला तासाभरात खणून देतो, पण परसात जेसीबी शिरताना आमच्या जाऊबाईंची अर्धी भिंत गेली, ते आम्ही पाहिलेलं. म्हणून हातानेच खणलं. ह्यांनी आणि दिरांनी टिकाव चालवला, मी आणि जाऊबाईंनी घमेली टाकली, मुलांनी दगड वेचले, सासऱ्यांनी बाजल्यावरून सूचना दिल्या. आठ दिवस लागले, सकाळ-संध्याकाळ मिळून. दुपारी कुणी खणायचं नाही, हा नियम सासूबाईंचा.

बाजू सरळ कापू नका. मुरमात एक फूट खोलीला एक फूट उतार द्या, काळी माती भुसभुशीत असेल तर दीड फूट. सरळ बाजू ढासळते, आणि ढासळते तेव्हा खाली माणूस असतो. लहान मुलांना खड्ड्यात उतरू द्यायचं नाही.

काठापासून दीड फुटावर चारी बाजूंनी एक फूट खोल, एक फूट रुंद चर काढा. प्लास्टिकची टोकं त्यात गाडायची असतात. एका कोपऱ्यात जास्तीचं पाणी जायला पाईप ठेवा आणि तो घराच्या विरुद्ध बाजूला काढा. आमचं ते पाणी केळीला जातं.

प्लास्टिक

सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि फसवणूकही इथेच. शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद घ्या, त्यावर आयएस 15351 असा छाप असतो. ताडपत्री, पिवळा-निळा ढाबेवाला कागद उन्हात एका वर्षात भुगा होतो. भाव कुणी चौरस फुटाला सांगतं, कुणी चौरस मीटरला. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट, हे लक्षात ठेवून तुलना करा. निदान तीन दुकानांत विचारा.

किती घ्यायचा? डोकं शिणवणारी सूत्रं आहेत, पण आपण ब्लाऊजचं माप घेतो तसं घ्या. एका बाजूच्या चरीतून सुतळी सोडा, उतारावरून खाली, तळावरून पलीकडे, उतारावरून वर आणि पलीकडच्या चरीत. सुतळी मोजा, वर एक फूट धरा. रुंदीलाही तसंच.  एकसंध घ्या. दोन तुकडे जोडून देतो म्हणणाऱ्याकडे सांध्याला चिकटवण्याचं गरम मशीन आहे का ते बघा. नुसत्या गोंदाने सांधा टिकत नाही.

आपल्या पट्ट्यात भंगाराच्या दुकानात कंपन्यांचं पॅकिंगचं प्लास्टिक, फोम, मोठमोठ्या पिशव्या स्वस्तात मिळतात. त्यात काय भरलेलं होतं ते भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं. केमिकलचं काहीही पाण्याला लागेल असं वापरू नका, धुतलं असलं तरी. तेच पाणी पुढे मेथीला जाणार आहे. कागदाखाली अंथरायला मात्र निवडणुकीचे, वाढदिवसांचे जुने फ्लेक्स उत्तम. आमच्या तळ्याखाली तीन पक्षांचे पुढारी गुण्यागोविंदाने झोपले आहेत.

अंथरण्याआधी खड्डा हाताने चाचपा. दगडाचं टोक, काच, मूळ, सगळं काढा. लव्हाळा असेल तर त्याच्या गाठी खणून काढा, त्याचा कोंब एवढा टोकदार असतो की प्लास्टिक भोसकून वर येतो. मग चाळलेली माती आणि शेण कालवून सगळीकडे लिंपण करा. हे आपल्या हाताचं काम आहे, इथे पुरुषांची लुडबुड नको. मेघालयात उमियमला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं संशोधन केंद्र आहे. त्यांनी डोंगरातल्या शेतकऱ्यांसाठी 'जलकुंड' नावाचा असाच घरगुती खड्डा काढला, 5 मीटर बाय 4 मीटर, दीड मीटर खोल, तीस हजार लिटरचा. त्यातही पाच भाग चिकणमातीला एक भाग शेण असं लिंपण आणि त्यावर वाळलेल्या गवताची गादी करून मग प्लास्टिक टाकतात. आम्ही गवताच्या जागी बारदान आणि फ्लेक्स टाकले.

कागद सकाळी लवकर अंथरा. दुपारी तो तापून पसरतो आणि रात्री आकसून ताणतो. ताणून बसवायचाच नाही, ढिला सोडायचा, चुण्या पडल्या तर पडू द्या. आत उतरणाऱ्यांनी चपला काढायच्या, आणि बायकांनी जोडवी-पैंजणही. आमच्या कागदाला पहिलं भोक माझ्या जोडव्याने पडलं. मग हळूहळू पाणी सोडा. पाण्याच्या वजनाने कागद खाली बसतो, वरची टोकं आत ओढली जातात. म्हणून अर्धं तळं भरल्यावरच चरीत माती भरा. आधी भरली तर कागद कोपऱ्यात अधांतरी राहतो आणि तिथेच फाटतो. उघड्या राहिलेल्या काठावर मातीच्या गोण्या ठेवा, उन्हापासून तेवढंच संरक्षण.

डास, मासे आणि शेजारी

तळं झाल्यावर पहिली तक्रार शेजारच्या वहिनींची आली, आणि ती खरी होती. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टाक्या-पिंपांसाठी आपण आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळतो, तळं तसं रिकामं करता येत नाही. उपाय म्हणजे गप्पी मासे. आरोग्य केंद्राकडे चौकशी करा, त्यांच्याकडे किंवा त्यांच्या ओळखीने मिळतात. हे मासे डासांच्या अळ्या खातात आणि आपोआप वाढतात. पन्नास-साठ सोडले तरी पुरे. फक्त ते इंद्रायणीत, भामेत किंवा ओढ्यात सोडू नका, ते इथले नाहीत आणि तिथल्या बारीक माशांच्या मुळावर येतात. बाष्पीभवन थांबवायला जलकुंडात पाण्यावर कडुनिंबाचं तेल टाकतात, पण मासे असतील तर ते करू नये. खायचे मासे या तळ्यात वाढवू नका. पाणी थोडं, उन्हात तापतं, मासे मरतात आणि वास सुटतो. आम्ही एकदा करून बघितलं, पुन्हा बोलायची सोय नाही.

वर हिरवी शेडनेट टाकली तर वाफही कमी होते, पानंही पडत नाहीत आणि शेवाळही कमी धरतं. शेडनेट म्हणजे झाकण नव्हे, तिच्यावर मूल पडलं तर ती त्याला घेऊनच खाली जाईल. ती असली तरी कुंपण हवंच.

गटातून कर्ज काढणार असाल तर कुंपणाचा, दोऱ्यांचा खर्च त्याच अर्जात धरा. आमच्या गटात आता तसा ठरावच आहे: परसातल्या तळ्यासाठी कर्ज मागितलं की आधी दोघी जणी जाऊन कुंपणाचे खांब बघून येतात, मगच सही. सुरुवातीला एक-दोघी रागावल्या, घरच्या कामात गटाने कशाला बघायचं म्हणून. पण भाडेकरूंची मुलं सगळ्यांच्याच परसात खेळतात.

दोऱ्यांचं मात्र एक. नायलॉन उन्हात दोन-तीन वर्षांत कुजतं, वरून चांगलं दिसतं आणि हिसडा दिला की तुटतं. आम्ही दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, ह्यांना दोरीला लोंबकळायला लावतो. यंदा एक तुटली. हे चिखलात बसले, सासूबाई पोट धरून हसल्या, आणि त्याच संध्याकाळी नवी दोरी आली.